उपरी : चाकणच्या रानात घर करणाऱ्याचे जगणे आणि मरणे

उपरी म्हणजे दुसऱ्या गावाहून येऊन पडीक जमीन कसायला घेणारा कुणबी. गावात त्याचे वडिलार्जित घर नसे, पांढरीत, म्हणजे गावठाणात, हक्काची जागा नसे आणि गावच्या गोतसभेत त्याच्या शब्दाला वजन नसे. औत, जमली तर बैलांची जोडी, थोडे बियाणे आणि पाटलाने किंवा सरकारने दिलेला कौल, म्हणजे सवलतीचा करार, एवढ्या भांडवलावर तो रानात उतरत असे. दुष्काळाने, लढाईने किंवा रोगराईने दख्खनचे पठार अनेकदा ओस पडले, आणि दर खेपेस ते पुन्हा लागवडीस आले ते मुख्यतः या माणसाच्या कष्टाने. बखरींत त्याचे नाव येत नाही. त्याची नोंद सापडते ती कौलांत, मिरासपत्रांत, शेतांच्या नावांत आणि देवळांपुढच्या दगडांत.

ही हकीकत समजून घेण्यासाठी मी चाकण परिसर निवडला, कारण हा मुलूख शतकानुशतके कुठल्या ना कुठल्या सत्तेच्या सरहद्दीवर राहिला. पुण्याहून नाशिक रस्त्याने निघाले की भोसरी आणि मोशी मागे पडते, इंद्रायणीचा पूल लागतो आणि चिंबळी फाटा, कुरुळी, नाणेकरवाडी करत सुमारे तीस किलोमीटरवर चाकणचा चौक येतो. इथून एक रस्ता पश्चिमेला तळेगावकडे, दुसरा पूर्वेला शिक्रापूरकडे आणि नाशिकचा रस्ता भामा नदी ओलांडून खेडकडे, म्हणजे राजगुरुनगरकडे जातो. जुन्या काळी जुन्नर आणि नाणेघाटाकडून पुणे प्रांतात उतरणारी वाटही याच बाजूने येत असे. वाट ज्याच्या ताब्यात, मुलूख त्याच्या ताब्यात; म्हणून चाकणला किल्ला झाला, आणि किल्ला झाला म्हणून भोवतालच्या रयतेला लढायांची झळ वारंवार बसली.

जमिनीचा पोत इथे थोड्या अंतरात बदलतो. खेड तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकर, भोरगिरीचे डोंगर आणि मुसळधार पाऊस. पूर्वेला जावे तसा पाऊस उणावत जातो आणि नद्यांच्या काठी काळी, खोल जमीन लागते. चाकण या दोहोंच्या मध्ये आहे. उत्तरेला भामा, दक्षिणेला इंद्रायणी आणि मधल्या उंचवट्यावर मुरमाड माळ अशी रचना आहे. काठची काळी जमीन मिरासदारांच्या, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या शेतकऱ्यांच्या, हाती आधीच गेलेली असे. नव्याने येणाऱ्याच्या वाट्याला माळ, ओढ्याकाठची झुडपी आणि वर्षानुवर्षे न नांगरलेली पड येई.

जगाच्या इतिहासात अशा माणसाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे आहे. अब्राहम लिंकन यांनी 20 मे 1862 रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली. पाच वर्षे जमिनीवर राहून ती लागवडीस आणणाऱ्या कुटुंबाला त्या कायद्याने 160 एकर जमीन मालकीने मिळू लागली. तिथला वसाहतकार एकेकट्या घराने विखुरलेला राहिला, आणि ज्या जमिनीवर तो उतरला ती बहुतेक ठिकाणी मूळच्या रहिवाशांकडून हिसकावलेली होती. दख्खनमध्येही जमीन लागवडीस आणण्यासाठी ठरावीक वर्षांची सवलत होती, पण तीत दोन फरक होते. इथला माणूस गावाच्या चौकटीत येत असे आणि त्याचा करार गावाच्या साक्षीने होत असे. शिवाय इथली पड बहुधा एके काळी नांगरलेली आणि मग ओस पडलेली असे. तरीही ती पूर्ण मोकळी नव्हती. धनगरांची मेंढरे तिच्यावर चरत, रामोशी आणि महादेव कोळी यांचा वावर रानाडोंगरांत होता. कागदावर पडीक लिहिलेली जमीन कुणाच्या तरी जगण्याचा भाग होती, हे विसरून चालत नाही.

गाव नव्याने बसवण्याची एक जुनी सविस्तर माहिती बहमनी काळातली आहे. 1396 मध्ये सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षे टिकला असे परंपरा सांगते. गावे इतकी ओस पडली की शिवा कुठून कुठे जातात हे सांगणारे माणूस उरले नाही. 1429 च्या सुमारास बहमनी सरकारने मुलूख पुन्हा बसवण्यासाठी दादू नरसू नावाचा ब्राह्मण कारभारी आणि एक तुर्की अंमलदार यांना नेमले. जुन्या हद्दी कळेनात तेव्हा दादू नरसूने दोन-तीन उजाड गावे एकत्र करून मोठ्या शिवांची नवी गावे आखली. जो कसेल त्याला जमीन देण्यात आली. पहिल्या वर्षी सारा माफ होता आणि दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे तोबराभर धान्य, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या पिशवीत मावेल तेवढे, द्यायचे ठरले. पुढच्या चारशे वर्षांत पड उठवण्याचे जे जे उपाय झाले त्यांचा पाया हाच होता. आधी माफी, मग हलका सारा आणि माणूस स्थिरावल्यावर पुरा सारा.

चाकणचा भुईकोट त्याच शतकाच्या मध्यास महत्त्वाला आला. बहमनींचा सरदार मलिक-उत्-तुज्जार याने कोकणच्या स्वारीसाठी चाकणला ठाणे केले. कोकणच्या अरण्यात त्याचा आणि त्याच्या फौजेचा घात झाला. वाचलेले लोक चाकणला परतले आणि दरबारातल्या वैरामुळे त्यांचीही इथे कत्तल झाली. नंतर किल्ला निजामशाहीत गेला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस शिवनेरीसह मालोजीराजे भोसल्यांकडे आला. किल्ल्याच्या तटाशी आज उभे राहिले की बुरूज, पडक्या भिंती आणि खंदकाची खोली दिसते. डोंगराचा आधार नसलेला, सपाटीवरचा हा किल्ला. त्याला वेढा पडला की भोवतालचे शिवार वैऱ्याच्या घोड्यांचे कुरण होई, म्हणून किल्ल्याचा इतिहास आणि शिवाराचा इतिहास वेगळे करता येत नाहीत.

सतराव्या शतकात या भागावर एकामागून एक आघात झाले. 1630 मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले, त्यावर गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली. त्याच सुमारास 1630 ते 1632 चा भीषण दुष्काळ पडला. माणसे परागंदा झाली, गुरे मेली आणि शेतांत रान माजले. 1636 च्या मोगल-आदिलशाही तहानंतर शहाजीराजांची पुणे जहागीर आदिलशाहीखाली कायम झाली आणि तिचा कारभार दादोजी कोंडदेव यांच्याकडे आला. 1647 मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत त्यांनी मुलूख लावणीस आणण्याचे काम केले. लांडग्यांनी उच्छाद मांडला होता म्हणून लांडगे मारणाऱ्यांना इनामे दिली, आणि पड उठवणाऱ्यांना इस्तावा लावून दिला. इस्ताव्यात सारा वर्षावर्षाने चढत जाई आणि काही वर्षांनी निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने ठरवलेल्या धाऱ्याला, म्हणजे पुऱ्या दराला, पोचे. खेडेबाऱ्यात शिवापूर वसले तेही याच काळात.

शिवाजी महाराजांच्या राज्यात या धोरणाला नेमका आकार आला. सभासद बखरीतल्या माहितीनुसार जमिनीच्या मोजणीला पाच हात पाच मुठींची काठी ठरली. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशे वीस बिघ्यांचा चावर. पिकाचे पाच भाग करून तीन रयतेकडे राहत आणि दोन सरकारात जात. नवी रयत आली तर तिला गुरे द्यावीत, बियाण्यासाठी धान्य आणि पैसा द्यावा, खायला दाणा द्यावा आणि हे सारे दोन-चार वर्षांत ऐपतीप्रमाणे परत घ्यावे, असा दंडक होता. पहिल्या दोन पिकांत जो मोडला तो परत उभा राहत नाही, हे जाणणाऱ्या माणसांनी केलेला हा नियम आहे.

कौल हातात आल्यावर खरे काम सुरू होई. चाकणच्या पश्चिमेला तळेगाव रस्त्याने खराबवाडी, महाळुंगे, खालुंब्रे या बाजूला गेले की कारखान्यांच्या कुंपणांमध्ये अजून काही मोकळे तुकडे दिसतात. त्यांवर बाभळी आणि बोरी उगवलेल्या आहेत, आणि खाली हरळी आणि कुंद्याची गच्च जाळी. पड म्हणजे काय हे या तुकड्यांवरून समजते. झुडूप कुऱ्हाडीने तुटते, पण हरळी आणि कुंदा हे खरे वैरी. त्यांच्या मुळ्या हातभर खोल जातात आणि एक कांडे जमिनीत राहिले तरी पावसाळ्यात पुन्हा फुटतात. म्हणून उन्हाळ्यात सहा-आठ बैलांचा जड लाकडी नांगर घालून ढेकळे उलथी करायची, उन्हात मुळ्या वाळू द्यायच्या, कुदळीने उकरून त्या वेचायच्या आणि बांधावर जाळायच्या. बांधावरचे दगडही याच वेळी वेचून रचले जात. असे दोन-तीन उन्हाळे गेल्यावर जमीन कुळवाला वळे.

सहा-आठ बैल एका उपऱ्याकडे कधीच नसत. इथे सावड कामी येई. चार घरांनी आपापली जोडी एकत्र जुंपून पाळीपाळीने एकमेकांचे रान नांगरायचे, यालाच सावड म्हणत. फार मोठे काम असले की इर्जिक घालत; सारा गाव आपापली औते घेऊन एका दिवसात एकाचे शेत नांगरून देई आणि त्या दिवशीचे जेवण शेतवाला घाली. नव्या माणसाला गावात जागा मिळण्याची सुरुवात बहुधा इर्जिकीपासून होई, कारण ज्याच्या रानात गावाचे बैल चालले तो परका राहत नसे. अमेरिकेतला वसाहतकार एकाकी होता; दख्खनच्या उपऱ्याला तगायला या बैलांच्या उसनवारीचा आधार होता.

मृगाचा पाऊस पडला की पाभरीने बाजरी पेरली जाई, सोबत तुरीचे, मटकीचे, हुलग्याचे पाटे. काळ्या रानात रब्बीला ज्वारी आणि हरभरा. मग कोळपणी, खुरपणी आणि कणीस भरू लागले की राखण. शेताच्या मधोमध माळा उभारून त्यावर दिवसा पाखरांसाठी गोफण घेऊन पोरे बसत आणि रात्री रानडुकरांसाठी मोठी माणसे जागत. सुगीत खळे सारवून मधोमध मेढ रोवायची, तिच्याभोवती बैलांची पात धरून मळणी करायची आणि वाऱ्याच्या दिशेने वावडीवर उभे राहून धान्य उपणायचे. रास अजून खळ्यावर असतानाच वाटण्या होत. सरकारचा भाग, पाटील-कुलकर्ण्यांचा हक्क आणि सुतार, लोहार, चांभार, महार, न्हावी, परीट, कुंभार या बलुत्यांच्या पेंढ्या. घरी जाई ते उरलेले. त्यातूनच पुढचे बियाणे काढून पेवात पुरावे लागे.

घर साधे असे. पहिल्या वर्षी तुरकाठ्यांचे कूड, वर गवताचे छप्पर आणि आतून-बाहेरून शेणमातीचा लेप. दोन-चार पिके पदरात पडली की दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे धाबे येई. नांगराचा हिशेब पुरुषाच्या नावे मांडला जातो, पण कुंदा वेचणारी, पेरणीत मोघणाऱ्या माणसामागे चालणारी, खुरपणारी, पहाटे जात्यावर दळणारी आणि डोक्यावरून पाणी आणणारी बाई नसती तर एकाही उपऱ्याचे दुसरे वर्ष उजाडले नसते. कौलात तिचे नाव नसे, तरी कौलाची अट पुरी होई ती तिच्या राबण्यावर.

गावाशी त्याचे नाते हळूहळू बदले. उपरी हा सवलतीने जमीन कसणारा. तो हलक्या दराने सारा देई, पण त्याच्या पायाखालची जमीन त्याची नसे. मिरासदार ती विकू शके, गहाण टाकू शके, मुलांना देऊ शके. गोतसभेत त्याचे मत विचारले जाई. कामानिमित्त किंवा संकटाने गाव सोडले तरी वर्षानुवर्षांनी परतून तो आपली मिरास मागू शके. उपऱ्याची आयुष्यभराची धडपड मिरासदार होण्यासाठी चाले. बऱ्याच वर्षांच्या लागवडीनंतर पाटील आणि गावकरी मोल घेऊन त्याला मिरासपत्र करून देत. त्यावर शेताच्या चतुःसीमा, बलुत्यांच्या साक्षी आणि पुढे कुणी हरकत घेतल्यास गाव निवारण करील असे वचन असे. शिवेवरून तंटा झाला तर गावच्या महाराची साक्ष अखेरची मानली जाई, कारण शीव रोज पायाखाली घालणारा माणूस तोच होता. डोक्यावर माती घेऊन शीव चालून दाखवण्याचे दिव्यही तो करी.

जुन्या चाकणाभोवतीच्या वाड्या या प्रक्रियेचा उघडा पुरावा आहेत. नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी, कडाचीवाडी या वाड्यांना कुळांची नावे आहेत आणि ती आडनावे आजही तिथे नांदतात. मूळ गावठाणापासून दूर, आपल्या शेताजवळ राहायला गेलेले एखादे कुळ, त्याभोवती वाढलेली भावकी आणि मग शिवारावर उमटलेले त्याचे नाव, अशी वाडी घडते. मी या वाड्यांतून गेलो तेव्हा हमरस्त्याला लागून हॉटेले, टायरची दुकाने आणि भाड्याच्या खोल्यांच्या चाळी होत्या. पण पाटीवरचे नाव जमिनीला पहिला नांगर लावणाऱ्या कुळाचेच आहे.

आता मरणाकडे वळले पाहिजे. उपऱ्याला मरण अनेक वाटांनी येई. पावसाळ्याअखेरचा ताप, विंचू-सर्प, वाघ आणि लांडगे, बाळंतपण, पटकी. पण गावाच्या स्मृतीत राहिले ते धाडीतले मरण. गुरे हाच त्याचा साऱ्या जिंदगीचा ठेवा. धाड पडली की आधी गुरे वळवली जात, आणि बैल गेले की पेरणी गेली, पेरणी गेली की कौल मोडला. म्हणून शिवेवर गुरांसाठी झुंजणे हे त्याच्यासाठी जगण्याचेच काम होते.

अशा मरणाची नोंद वीरगळावर असते. जुन्नर, खेड, मावळ या भागांतल्या जुन्या देवळांच्या आवारांत असे दगड भिंतीला टेकून उभे असतात. बऱ्याचदा त्यांना शेंदूर फासलेला असतो. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो आणि गोधनासाठी मेलेला असेल तर त्याच्या मागे गाई एकापुढे एक कोरलेल्या असतात. त्याच्या वरच्या चौकटीत ढाल-तलवारीची झुंज. त्यावर अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला आहे, आणि माथ्यावर कलश, चंद्र व सूर्य आहेत. चंद्र-सूर्य असेपर्यंत कीर्ती राहो हा त्यांचा अर्थ. बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. कोण मेला ते गावाला ठाऊक होते, म्हणून लिहायची गरज वाटली नाही. गाव उठून गेले की नावही गेले. शेजारी कधी सतीशिळा असते, तिच्यावर कोपरात वाकवलेला, बांगड्या ल्यालेला हात. त्या दगडामागे एका बाईवर लादलेले भयंकर मरण आहे, आणि तो वीरगळाइतकाच नीट पाहिला पाहिजे.

चाकणमध्ये चक्रेश्वराचे जुने देवस्थान आहे आणि त्याच्या आवारात जुनी शिल्पे ठेवलेली आहेत. गावाचा वसतिकाल किल्ल्याच्याही मागे जातो हे अशा ठिकाणी ध्यानात येते. ज्याला दगड घडवून घेण्याची ऐपत नव्हती, त्याची आठवण घरच्या देव्हाऱ्यात राहिली. लढाईत किंवा अकाली मेलेल्या पूर्वजाचा चांदीचा किंवा पितळी टाक करून कुलदैवतांच्या शेजारी बसवतात आणि सणावारी त्याला नैवेद्य दाखवतात. शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला म्हसोबा असतो, कुठे एखाद्या पूर्वजाची समाधी असते. जमीन विकताना अशी समाधी वगळून विक्री करणारी कुटुंबे या भागात आहेत.

माणूस मेल्यावर जमिनीचे काय होई, यालाही ठरलेली रीत होती. वारस असला तर मिरास त्याच्याकडे जाई. वारस नसला किंवा कुळ परागंदा होऊन परतले नाही, तर ती जमीन गतकुळ म्हणून नोंदली जाई आणि पाटील तिच्यावर नवा उपरी आणून बसवी. मात्र शेताचे नाव बदलत नसे. गावाच्या थळझाड्यात, म्हणजे शेतांच्या यादीत, ते थळ जुन्याच कुळाच्या नावाने चाले. कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या जमीनधारणेचा अभ्यास केला, तेव्हा त्याला अशी कितीतरी थळे आढळली की ज्यांची कुळे केव्हाच नामशेष झाली होती आणि ज्यांची नावे कागदावर तशीच नांदत होती. कसणाऱ्याचे नाव त्याच्या वंशापेक्षा जास्त टिकले, ते या कुळकर्णी दप्तरांमुळे.

मोठ्या लढायांत मात्र एकेका माणसाच्या मरणाची अशी नोंद राहत नसे. 21 जून 1660 रोजी शाहिस्तेखानाची फौज चाकणपुढे आली. पेरणीचे दिवस होते. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याने भर पावसाळ्यात किल्ला झुंजवला. अखेर मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग लावला, 14 ऑगस्टला बुरूज उडाला आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. मोगलांचे 268 लोक मेले आणि 600 जखमी झाले, असे त्यांच्याच बाजूच्या नोंदी सांगतात. किल्ल्याचे नाव इस्लामाबाद झाले. फिरंगोजीचे नाव मराठी माणसाच्या तोंडी राहिले आणि ते राहायलाच हवे. पण त्या पावसाळ्यात चाकणच्या शिवारात ज्यांची पेरणी घोड्यांनी तुडवली, ज्यांची पेवे उकरली गेली, त्यांचा आकडा कुठल्याही दप्तरात नाही. वेढ्याची खरी किंमत त्यांनी मोजली.

पुढेही हे चक्र थांबले नाही. ऑक्टोबर 1802 मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी पुणे घेतले, प्रांत लुटला गेला आणि 1803-04 चा दुष्काळ पडला. पुणे प्रांतातली गावे पुन्हा ओस पडली. 1818 मध्ये कर्नल डीकनच्या इंग्रज फौजेने चाकणचा किल्ला घेतला आणि सरहद्द म्हणून चाकणचे महत्त्व संपले. नव्या सरकारने आरंभी सारा फार चढा ठेवला. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची 1827-28 ची सारापाहणी फसली, जमिनी पुन्हा पडू लागल्या. 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात सारा उतरवून तीस वर्षांसाठी कायम केला, आणि ती पद्धत पुढे सगळीकडे गेली. जमिनीला सर्व्हे नंबर मिळाला, नंबराचा सारा देणारा खातेदार झाला, आणि मिरासदार-उपरी हा भेद कागदावरून पुसला गेला. उपऱ्याची पिढ्यान्पिढ्यांची मागणी मान्य झाली खरी. पण खाते विकता येऊ लागल्यावर ते सावकाराकडेही जाऊ लागले आणि पुष्कळ खातेदार आपल्याच शेतात कूळ झाले. 1875 मध्ये सुप्यापासून पेटलेले सावकारांविरुद्धचे दंगे त्याच जखमेतून निघाले. ही बाब काहीशी सरळ झाली ती 1948 च्या कूळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक ठरले.

मालकी हाती आल्यावर चार दशकांतच शिवाराचा वापर बदलला. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरी-चिंचवडनंतर चाकणची पाळी आली. बजाज ऑटोचा कारखाना 1999 मध्ये, मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगनचे 2009 मध्ये आणि महिंद्राचा 2010 मध्ये सुरू झाला. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, सावरदरी, वराळे, भांबोली, आंबेठाण या गावांच्या शिवारांत आता मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनतात. कुणाला मोबदल्यातून बंगले आणि चाळी उभारता आल्या; कुणाचा पैसा काही वर्षांत संपला आणि हातात ना जमीन राहिली ना कारखान्यातली कायम नोकरी. याच तालुक्यात भामा-आसखेड आणि चासकमान धरणांखाली गावे गेली, आणि तिथल्या कुटुंबांना दुसऱ्या शिवारात नव्याने पाय रोवावे लागले. त्यांच्यासमोरचे प्रश्न जुन्या उपऱ्याचेच होते. दिलेली जमीन कसण्याजोगी आहे का, पाणी आहे का, नव्या गावात आपल्याला कोण विचारणार.

शेती संपलेली नाही. चाकणच्या महात्मा फुले बाजारात खेड, आंबेगाव, शिरूर भागांतला कांदा आणि बटाटा येतो, आणि हंगामात आवारात पोत्यांच्या थप्प्या लागतात. मी आवारात फिरलो तेव्हा वजनकाट्याजवळ उभे असलेले शेतकरी भावाचे आणि पावसाचे बोलत होते, आणि पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसांत मराठीइतकीच हिंदी ऐकू येत होती. बाजारापासून कारखान्यांपर्यंत चाकण आज बाहेरून आलेल्यांच्या श्रमावर चालते. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश इथून आलेली माणसे वाड्यांतल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत राहतात आणि ठेकेदारीवर काम करतात. त्यांना नांगर धरायचा नसला, तरी गावाच्या व्यवहारात त्यांची जागा जुन्या उपऱ्याची आहे. काम त्यांचे, पण जागा दुसऱ्याची आणि ग्रामसभेत आवाज नाही.

सहाशे वर्षांच्या या हकीकतीतून एक गोष्ट स्पष्ट होते. ओस रान माणसाच्या कष्टाने लागवडीस येते, पण कष्ट करणारा तिथे टिकतो तो दिलेला शब्द पाळला गेला तरच. दादू नरसूच्या काळची एका वर्षाची माफी, इस्ताव्याचा हळूहळू चढणारा सारा, शिवकालातले बियाणे आणि बैल, इर्जिकीला आलेला गाव, मिरासपत्रावरच्या साक्षी, विंगेटचा तीस वर्षांचा ठराव आणि 1957 चा कूळहक्क ही सगळी शब्द पाळल्याची उदाहरणे आहेत, आणि त्या त्या वेळी मुलूख बसला. सारा एकदम चढवला, फौज शेतातून नेली किंवा कागद दुसऱ्याच्या नावे झाला तेव्हा तोच मुलूख उठून गेला. चाकणमध्ये आज नव्याने येणाऱ्याला घरभाड्याचा लेखी करार, कामाचा कागद, रेशनकार्ड आणि मुलांना शाळा मिळणे, आणि धरणात किंवा कारखान्यात जमीन गेलेल्याला कबूल केलेली जमीन व पाणी मिळणे, हे त्याच जुन्या कौलाचे आजचे रूप आहे. ते देणे सरकारचे आणि गावाचे कर्तव्य आहे.